भयपट आणि वेताळाची अट

उज्जैनचा माणूस भयपटांचा शौकीन आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, चक्रतीर्थाचं स्मशान तुमच्या क्षिप्रेच्या काठावर, काळभैरवाला मद्याचा नैवेद्य, महाकालाची पहाटेची आरती भस्माची. तुम्हाला आणखी पडद्यावरची भुतं कशाला? माझं उत्तर असं की या गावात राहिल्यामुळेच भयपटाकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत. मृत्यू इथे रोजच्या व्यवहारात आहे, त्याला भिऊन कोणी दारं लावून घेत नाही. पांढरी साडी, मोकळे केस आणि करकरणारं दार एवढ्यावर आमचं भागत नाही. गेल्या दोनेक वर्षांत थिएटरात आणि घरी जे भयपट पाहिले, त्यांतून काय बघावं, काय सोडावं आणि घरात लहानमोठी माणसं असताना कसं बघावं, याबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत. ती इथे मांडतो.

सुरुवात वेताळापासूनच करायला हवी. विक्रम आणि वेताळाची गोष्ट उज्जैनच्या नावावर जमा आहे, पण सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त तिचा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढच्या परंपरेने तो राजा उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी जोडला. म्हणजे गोष्टीवर मराठी माणसाचा हक्क आमच्याइतकाच आहे. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ती मराठीत आणली आणि 1985 साली रामानंद सागरांनी अरुण गोविल आणि सज्जन यांना घेऊन ती दूरदर्शनवर दाखवली. माझ्या पिढीच्या भीतीची मुळाक्षरं तिथेच गिरवली गेली.

या गोष्टीची बांधणी नीट पाहा. कृष्ण चतुर्दशीची रात्र, स्मशान, झाडाला लटकणारं प्रेत. इथवर सगळं नेहमीचं. खरी भीती सुरू होते ती वेताळाच्या अटीने. प्रश्नाचं उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. दोन्ही बाजूंनी कोंडी. शिवाय प्रश्न न्यायाचे, नात्यांचे, त्यागाचे आहेत. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच वेताळ त्याला सांगतो की ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत वाहतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. म्हणजे भूत खरं बोलतं आणि साधूचा वेष घातलेला माणूस घात करायला बसलेला असतो. हजार वर्षांपूर्वीची ही रचना आजच्या चांगल्या पटकथालेखकालाही मागे टाकेल.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: चित्रपट सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्याची अट शोधा. इथलं भूत काय करू शकतं, काय करू शकत नाही, आणि माणसाने कोणती मर्यादा ओलांडली की ते अंगावर येतं? हे उमगलं आणि चित्रपटाने ते शेवटपर्यंत पाळलं, तर तो बघण्याच्या लायकीचा. वाटेल तेव्हा भूत भिंतीतून येतं, वाटेल तेव्हा मंत्राने पळतं, असं दिसू लागलं की खुशाल बंद करा. तिथे फक्त आवाजाने दचकवणार आहेत.

अट किती साधी असली तरी चालते, त्याचं उदाहरण आमच्या गावातच आहे. उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या कोणत्याही राजाने इथे रात्र काढू नये, अशी जुनी समजूत. मंत्री-मुख्यमंत्रीसुद्धा मुक्काम टाळत. उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि 2023च्या डिसेंबरात आपल्या गावी मुक्कामाला राहिले, तेव्हा त्याची बातमी झाली. यात ना भूत आहे ना रक्त; एका वाक्याची अट, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो की राहिलं तर काय होईल? कथेला एवढं बीज पुरतं.

या कसोटीवर पहिला नंबर राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चा. 2018च्या ऑक्टोबरात आला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी तो चुकवला. 13 सप्टेंबर 2024ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. त्याला कणकेची बाहुली दाखवायची आणि तो तिच्यावर तुटून पडेपर्यंत मोहरा काढून घ्यायच्या. या एका अटीतून अख्खा चित्रपट उभा राहतो. कथा 1918 ते 1947 या काळात फिरते आणि नायक विनायकराव दर खेपेला थोडा अधिक सराईत, थोडा अधिक हावरा होत जातो. सासवडच्या वाड्याच्या भिंतींवर उतरणारा पाऊस, पंकज कुमार यांनी जवळपास कंदिलाच्याच उजेडात टिपलेली माजघरं, आणि साखळीत जखडलेली ती म्हातारी. नारायण धारपांच्या 'आजी' या कथेचं बीज तिच्यात आहे. कोकणस्थ घरातल्या माणसाला हा चित्रपट पाहताना भिंतीच्या ओलीचा वाससुद्धा येतो. ज्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला, त्यांनी पाहिला नाही असंच मी धरतो.

'ब्रमयुगम' (2024) हा राहुल सदाशिवन यांचा मल्याळम चित्रपट याच तोडीचा. कृष्णधवल, पात्रं मोजकी, एक मोडकळीला आलेलं घर आणि मम्मुट्टी. रानात वाट चुकलेला, खालच्या मानलेल्या जातीतला गायक त्या घरात आसरा घेतो. यजमान त्याला सोंगट्या खेळायला बसवतो आणि पणाला लावतो गायकाचा वेळ. हरला, आता घराबाहेर पडायचं नाही. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्याशी खेळायला बसणं म्हणजे काय, हे त्या पटावर कळतं. भाषा येत नसेल तर सबटायटल्ससह पाहा, पण हिंदी डबिंग टाळा. मम्मुट्टींच्या आवाजात अर्धी भीती आहे.

आमच्या मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडणारा 'स्त्री' (2018) आणि त्याचा पुढचा भाग (2024) सर्वांनी पाहिलेले आहेत. पहिल्या भागात अट होती: ती रात्री पुरुषांना हाक मारते, आणि बायकांनी जे पिढ्यान्पिढ्या सोसलं ते भय एका गावच्या पुरुषांवर येतं. हसता हसता ती गोष्ट आत रुतते. दुसऱ्या भागातल्या सरकट्याचा, म्हणजे मुंडकं नसलेल्या भुताचा, आकार मोठा, धावपळ मोठी, आणि अट मात्र पातळ झालेली. करमणूक होते, भीती वाटत नाही.

'थामा' (2025) मात्र मला मनापासून खटकला. आदित्य सरपोतदार हे आजच्या मराठी दिग्दर्शकांमध्ये या प्रकारावर खरं प्रेम करणारे. 'झोंबिवली' (2022) त्यांचीच. पण इथे वेताळाचं नाव घेतलं आणि त्याला रक्त पिणारा केलं. पाश्चात्त्यांच्या पिशाच्चाला भारतीय कपडे चढवले. आमचा वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, भुतांचा अधिपती असून गावाची राखण करतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि वहाणा झिजतात, ही तिथली श्रद्धा. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे. रात्री वहाणा घालून गस्त घालणारा देव एवढं दृश्य ज्या संस्कृतीपाशी आहे, तिने दातांचे सुळे उसने का आणावेत?

त्यापेक्षा सरपोतदारांचाच 'मुंज्या' (जून 2024) कितीतरी अस्सल. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्या घराघरात आहे. उज्जैनच्या मराठी घरांतसुद्धा. शिंदेशाहीत इथे येऊन वसलेली घराणी देवांबरोबर आपली भुतंही घेऊनच आली. अपुऱ्या राहिलेल्या पोराचा हट्ट आणि मेल्यावरही न सुटलेली लग्नाची आस, हे या चित्रपटाचं खरं भय. सुहास जोशींची आजी पडद्यावर असेपर्यंत चित्रपट उत्तम. पुढे संगणकावर घडवलेलं ते बुटकं भूत जास्तच नाचतं, तरी कोकणातली वाट, समुद्र आणि झाड यांसाठी बघाच.

आता दुसरी गोष्ट, जी निवड करताना फार उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाचा रंग काळा, देवता काल. बीभत्साचा रंग निळा आणि देवता महाकाल. आमच्या ग्रामदैवताकडे बीभत्साचं अधिष्ठान आहे, हे ज्याने भस्मारती पाहिली त्याला उमजेल. किळस पचवून पलीकडे जाणं ही वेगळी साधना. पण चित्रपट बघणाऱ्याने दोहोंतला फरक ओळखायला शिकावं. पाहून झाल्यावर हात धुवावेसे वाटले तर बीभत्स. मागे वळून बघावंसं वाटलं तर भयानक. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) यांचा भर चेहऱ्यावरच्या रबरावर, म्हणजे किळसेवर होता. राम गोपाल वर्मांचे 'रात' (1992) आणि उर्मिला मातोंडकरांची भूमिका असलेला 'भूत' (2003) भयानकाचे. 'भूत'मध्ये एकही गाणं नाही, मुंबईच्या उंच इमारतीतली एक सदनिका आणि एक लिफ्ट, बस. तुम्हाला यांतलं काय सोसतं ते ठरवा आणि तसंच निवडा. रक्त बघवत नाही म्हणून भयपटच बघत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना 'भूत' आणि 'ब्रमयुगम' निश्चिंतपणे सुचवावेत.

दोन्ही रस एकत्र सांभाळणारा लेखक पाहायचा तर भवभूती. विदर्भातल्या पद्मपूरचा हा माणूस. त्याच्या 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात नायक स्मशानात भुतांना नरमांस विकायला उभा राहतो आणि शेजारच्या देवळात अघोरघंट नावाचा कापालिक नायिकेचा बळी द्यायच्या तयारीत असतो. आठव्या शतकात, रंगमंचावर, यात्रेला जमलेल्या लोकांसमोर. ती कालप्रियनाथाची यात्रा म्हणजे आमच्या महाकालाचीच, असं मानणारे अभ्यासक आहेत. आपल्याकडे भयपटाची परंपरा नाही म्हणणाऱ्यांना हा अंक वाचायला द्यावा.

घरी बघताना काय करावं

अंधार हवाच, पण त्याहून आवाज महत्त्वाचा. हे कालिदासाला माहीत होतं. 'मेघदूता'त मेघ उज्जयिनीवर येतो तेव्हा यक्ष त्याला सांगतो की सुईने भोसकता येईल अशा दाट अंधारातून बायका प्रियकराकडे निघालेल्या असतील. विजेने त्यांना वाट दाखव, पण गडगडू नकोस, त्या भितील. काळोखात त्या आपल्या पायांनी निघाल्या आहेत, त्याची त्यांना भीती नाही. भीती आवाजाची. 1942च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्री रस्त्याने एकटी चाललेली बाई, मागून पावलं, मग शांतता, आणि अचानक फिस्सकन येऊन थांबणारी बस. सिनेमावाले त्या क्लृप्तीला निर्मात्याच्या नावावरून आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. हिचकॉकच्या 'सायको' (1960)मधलं न्हाणीघर आठवा. सुरा किती वेळा लागताना दिसतो त्यापेक्षा बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं जास्त लागतात.

म्हणून टीव्हीच्या चपट्या स्पीकरवर भयपट बघू नका. साधा साउंडबार किंवा बरे हेडफोन पुरतात. मात्र हेडफोनवर आवाज संवादांच्या हिशेबाने वाढवला की पुढचा दणका कानठळ्या बसवतो. टीव्हीत 'नाइट मोड' असेल तर तो लावा, त्याने मोठा आणि लहान आवाज यांतलं अंतर कमी होतं. चित्रासाठी 'विविड' सोडून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिने 'तुंबाड'सुद्धा मालिकेसारखा दिसू लागतो. पडद्यासमोरचा दिवा मालवा, मागचा मंद ठेवा. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. अट मनात घर करायला सलग वेळ लागतो, दर पाच मिनिटांनी निरोप बघणाऱ्याला कोणताच चित्रपट घाबरवू शकणार नाही. ट्रेलर तर पाहूच नका. हल्ली उत्तम दचके त्यातच संपवून टाकतात.

दचक्याबद्दल आणखी एक. पार्श्वसंगीत एकदम थांबलं, कॅमेरा पात्राच्या चेहऱ्याजवळ गेला आणि मागे मोकळी जागा राहिली, की दचका येणार. एवढं ओळखता आलं की हलक्या चित्रपटांची भीती ओसरते आणि जे चित्रपट हे न करता घाबरवतात त्यांची किंमत कळते. 'लपाछपी' त्यांतला. विशाल फुरिया यांचा 2017चा हा मराठी चित्रपट बराचसा भर दुपारी, उसाच्या फडात घडतो. पूजा सावंतची गर्भवती नेहा आणि उषा नाईकांची तुळसाबाई. उसात उभं राहिलं की चार हातांवरचं दिसत नाही, हे ज्यांनी ऊस पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. प्रश्न मुलींचा आहे, जन्माआधीच नाकारलेल्या मुलींचा. आणि चित्रपट संपल्यावर भुताची भीती जाते, त्या प्रश्नाची राहते. फुरियांनीच पुढे हिंदीत 'छोरी' (2021) आणि 'छोरी 2' (2025) केले. दुसऱ्या भागात बंदिस्त भुयारं आणि सोहा अली खान आहे, प्रसंग भरपूर आहेत, पण मूळ मराठी चित्रपटातल्या उन्हाची बरोबरी होत नाही.

मुलं घरात असतील तर

2024च्या नव्या नियमांपासून 'यूए' प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन टप्पे झाले आहेत. ओटीटीवरही असेच टप्पे असतात आणि पालकांसाठी कुलपाची सोय असते. ती लावून ठेवा. टप्पा पाळाच, पण तेवढ्यावर विसंबू नका, आपलं मूल आपल्याला ठाऊक असतं. सात वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यावरचं आणि खरं वेगळं करणं जड जातं. त्यांना भयपट नकोच, गोष्ट सांगा. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) उत्तम पायरी आहे. दिवसा बघा, रिमोट मुलाच्या हातात द्या, आणि तात्या विंचू हा रामदास पाध्यांनी खेळवलेला बाहुला आहे हे आधीच सांगा. ते कळल्याने मजा कमी होत नाही, उलट ते कसं केलं असेल याचा शोध सुरू होतो. 'तुंबाड' मुलांसमोर नाही. आणि 'झोपला नाहीस तर तात्या विंचू येईल' असली धमकी कधीच देऊ नका. जी भीती आनंदासाठी घ्यायची, तिचा चाबूक करू नये.

मोठ्यांनीही संपल्या संपल्या अंथरुणात शिरू नये. छाती धडधडत असते, शरीर पळायच्या तयारीत असतं. त्याला निवायला वेळ द्या. चहा करा, बोला, कोणता प्रसंग फसला यावर भांडा. गरोदर बायका, हृदयविकाराचे रुग्ण आणि नुकतंच घरात कोणी गेलं आहे अशी माणसं, यांना आग्रह करू नका.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. आपल्या बहुतेक भयपटांत शेवटी मांत्रिक येतो आणि सोडवतो. पडद्यावर तो पात्र म्हणून ठीक. पाडव्याच्या तोंडावर येणाऱ्या भूतडी अमावास्येला आमच्याकडे कालियादेहच्या बावन्न कुंडांवर खेड्यापाड्यांतून माणसं येतात, अंगातलं उतरावं म्हणून बुडी मारायला. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही. त्या पाण्यापाशी फार खरं दुःख उभं असतं. पण आवाज ऐकू येणं, आठवडेच्या आठवडे झोप न लागणं, कोणी आपल्यावर काही केलं आहे असं सतत वाटणं, हा आजार असतो आणि त्यावर औषध आहे. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 20 ऑगस्ट 2013 रोजी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भयपटाच्या शौकिनाने तो कायदा काय सांगतो हे इतरांहून आधी वाचलेलं असावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'मुंज्या'पासून करावी, मग 'लपाछपी', मग 'भूत', आणि मन तयार झालं की 'तुंबाड' व 'ब्रमयुगम'. मधल्या रात्री धारप आणि रत्नाकर मतकरी वाचावेत. मतकरींच्या गूढकथा दोन-चार पानांत जे करतात ते दोन तासांच्या चित्रपटांना अनेकदा जमत नाही. 'थामा' नाही पाहिला तरी चालेल. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना एक विनंती: मराठी भयपट वर्षाकाठी मोजकेच येतात, आपल्या शहरांत त्यांचे खेळ आणखी कमी. इंदूरला, भोपाळला किंवा तुमच्या जवळच्या शहरात एखादा लागला, तर पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा. दुसऱ्या आठवड्यात तो बहुधा नसतो.